पाय माझा, हुकूम कुणाचा

नलूमावशी गेल्याचं मला शाळेच्या मैदानावर कळलं. मी मुलींचा व्हॉलीबॉलचा सराव घेत होते आणि फाटकातून धाकटा मामा सायकल हातात धरून चालत येताना दिसला. सायकल असताना मामा कधी पायी चालत नाही... मी समजले.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या या हिंदी मुलखातल्या तीर्थाच्या गावी, बालाजी घाटामागच्या गल्लीत राहायची, एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी युनिव्हर्सिटीकडून खेळत होते. माझी जोडीदार किरण एका सामन्यात उंच उडाली आणि खाली येताना, कुणाचाही धक्का न लागता, तिचा गुडघा आत वळला. त्याचा आवाज मी ऐकला. किरण पुन्हा खेळली नाही. ते कळल्यावर मावशीनं मला स्टुलावरून एका पायावर उतरायला लावलं आणि वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझाही तसाच आत पडतो. गुडघ्याला बोल लावू नकोस, तो बिचारा मधला. वरचा खुबाच त्याला सोडून देतो."

तिच्या खोलीत करंट देण्याचं एक जुनं यंत्र होतं. दुपारी ती ओले पॅड माझ्या खुब्याच्या बाजूला पट्ट्यानं बांधायची आणि बटण हळूहळू फिरवायची. आधी मुंग्या यायच्या. मग आतला स्नायू मुठीसारखा आवळायचा आणि मी काहीही न करता माझा पाय बाहेर वळायचा. मला त्या दुपारींची भीती वाटायची. पाय माझा, हुकूम भलत्याचाच. मावशी म्हणायची, नुसता करंट काही शिकवत नाही. तो आला की एका पायावर उभं राहून आपणही जोर लावायचा. तसं करता करता यंत्र कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते, तेच मला कळेनासं झालं. पुढे निवडचाचणीत जाळीपाशी मी कुणाच्या तरी बुटावर उतरले. गुडघा आत निघाला होता... आणि खुब्यानं त्याला जागेवर ओढून धरलं. मी संघात आले, पुढे कितीतरी वर्षं खेळले. पण ते मी केलं, असं आजही म्हणवत नाही.

गेल्या वर्षी मावशीला लकवा झाला, डावं अंग गेलं. रोज पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरणारी बाई खाटेला खिळली. आता पॅड मी बांधायला लागले. पहिल्याच दिवशी तिचा पाय वळला, परत आला. आईनं हात जोडले. मावशीनं मात्र दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं त्या पायाकडे पाहिलं. करंटबरोबर तूही जोर लाव, मी तिला म्हटलं. तिनं डोळे मिटले. "लावतेय गं... तिकडून कुणी ओ देत नाही."

नंतर एका दुपारी तिला डोळा लागला होता. यंत्र बंद, पॅड खिडकीत वाळत घातलेले. चादरीखाली तिचा डावा पाय सावकाश बाहेर वळला, थांबला, परत आला. पुन्हा तसाच, त्याच लयीत. मी आनंदानं तिला उठवलं. तिनं बघितलं, बघत राहिली.

"हे मी नाही," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, लकव्यात स्नायू असे आपोआप आखडतात. असेल. पण त्या दिवसापासून मावशी पायांवर चादर घालू देईना. तो काय करतोय ते दिसलं पाहिजे, म्हणायची. थंडी पडली तरी तिनं ऐकलं नाही. त्याच थंडीत ती गेली.

तेरावं झाल्यावर मी शाळेत परतले. मुलींना उतरायला शिकवताना मी त्यांच्या खुब्यावर तळहात ठेवते. कोणता स्नायू जागा व्हायला हवा ते त्यांना हातानं समजतं. परवा एक नवी मुलगी बाकावर एका पायावर उभी होती. मी हात ठेवला. ती जरा अवघडली, मग मागे न बघता हळूच म्हणाली, "दीदी, दूसरा हाथ हटा लीजिए, अब समझ गई."

माझ्या दुसऱ्या हातात शिट्टी होती.

मुलगी खाली उतरली... अलगद, गुडघा अगदी सरळ.