दोन रिंगांचा नियम

लग्नानंतर घरात पहिल्यांदा फोन आला, तेव्हा मी त्याची पूजा केली. हळद-कुंकू, अक्षता आणि वरून पळीभर पाणी! संध्याकाळपर्यंत फोन मुका. बी.ए. झालेली बाई मी... सासरे आठवडाभर बोलले नाहीत, बोलले तेव्हा एवढंच, "आता नारळ फोडू नको त्याच्यावर."

तर अक्कल तेव्हा कमीच होती. पण भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं लोकांना सांगून सांगून मी थकलेय.

आमचं घर पुंडलिकनगरला, तळमजल्यावर. हॉलच्या कोनाड्यात लँडलाइन. माझी धाकटी नणंद कुसुम बिडकीनला एकटी राहते. मुलगा पुण्याला. मोबाइलशी तिचं जमत नाही — "ह्याला बटणंच नाय, दाबू काय?" म्हणून तिचे यजमान गेल्यापासून आमचा एक नियम. रोज चार वाजता तिनं लँडलाइनवरून फोन लावायचा, दोन रिंगा झाल्या की ठेवायचा. म्हणजे बाई ठीक आहे. मी उचलायचा नाही. चुकून उचलला तर वर मलाच — "कशाला उचलला? मेले काय मी?"

यंदा निरोप आला, तांब्याची लाइन बंद होणार, फायबर घ्या. माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, पांढरा डबा बसवला, त्याला नवा फोन जोडला. नंबर तोच. जुनी तार कापून, वेटोळं करून घेऊन गेला. जुना फोन मी कोनाड्यातच ठेवला, त्यावर चष्मा ठेवायला लागले. "अम्मा, ये तो अब खाली डब्बा है," जाता जाता तो हसला.

नव्यात एकच खोट. लाइट गेली की फोनही गेला. जुन्याला लाइट लागत नसे.

त्या दिवशी एकपासूनच लाइट नव्हती. चार वाजले. आज काही कुसुमची रिंग यायची नाही, म्हणून मी मेथी निवडत बसले. आणि कोनाड्यातला जुना फोन वाजला.

तीच घंटी. एक... दोन... आणि मी काय करावं? पुन्हा मेथीत मान घातली! सवय हो. तिसरी रिंग झाली तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. उठले, हात पुढं केला... पण उचलवेना. इतक्या वर्षांचा नियम हाताला कोण समजावणार? बारा रिंगा मोजल्या मी. चष्मा थरथरत थरथरत खाली पडला. मग घंटी थांबली. फोन उलटा करून पाहिला, तर मागं वीतभर वायर, टोक मोकळं.

मोबाइलवरून कुसुमच्या शेजारणीला लावला. "रुक्मिणबाई, जरा कुसुमचं दार वाजवा."

"दळण टाकून येते की."

"नाय, आत्ता जा."

दार आतून बंद होतं. फोडावं लागलं. कुसुम सकाळपासून न्हाणीत पडलेली, खुबा मोडलेला. अजून एक रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

माझा मुलगा म्हणतो, "आई, शेजाऱ्यांचा वाजला असेल." लाइट नसताना? "मग भास." असेल बाबा. चष्म्याची काच भासानंच फुटली असेल. मी आता कुणाशी भांडत नाही, तेवढा दम उरला नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कुसुमला विचारलं, अशा पायानं फोनपर्यंत गेलीस कशी?

ती म्हणाली, "कुठला फोन, वहिनी? मी न्हाणीतून हललेच नाय. नुसती पडल्या पडल्या मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते — आज तरी उचल की गं, बाई, एकदा तरी उचल."