मामांच्या बंदुकीचा परवाना

अख्ख्या नाशकात बंदूक बाळगायला आमच्या हिच्या मामांइतका नालायक माणूस झाला नाही, आणि त्यांनी ती बाळगावी म्हणून सरकारदरबारी घसा कोरडा केला तो मी! साल एकोणीसशे सत्तरच्या आसपासचं. वकिली नवी, त्यात सासरचं काम. नाही म्हणायची सोय नव्हती.

मामा पंचवटीत राहायचे. अंग पैलवानाचं, मिशा फौजदाराच्या आणि स्वभाव गोगलगायीचा. संध्याकाळी रामकुंडावर एखाद्या बैराग्याशेजारी बसून चिलमीचे दोन झुरके मारले की स्वारी घरच्या ओट्यावर येऊन टेकायची. एकदा एक बकरी निवांतपणे त्यांचं धोतर चघळत होती. मी हाकलायला धावलो तर म्हणाले, "असू द्या जावईबापू, तिलाही संसार आहे." आतल्या खोलीत खुंट्यांवर त्यांच्या वडिलांची, म्हणजे आबांची, दुनळी बंदूक. आबा नावाजलेले शिकारी. वणीकडच्या मळ्यात डुकरांचा उपद्रव म्हणून परवाना मिळालेला, तो आबांमागे मामांच्या गळ्यात आला. दसऱ्याला मामा त्या बंदुकीला फूल वाहायचे ते दारातूनच फेकून. झोपायचे ओट्यावर, भर थंडीतसुद्धा. का, तर "आत उकडतं." एकदा भुईमुगात डुकरं घुसली तेव्हा त्यांनी बंदूक बांधावर ठेवली आणि पत्र्याचा डबा बडवला. गांजानं माणसाचा पार देवमाणूस होतो, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो.

परवाना नवा करून घ्यायची वेळ आली आणि चौकीतल्या हवालदारानं शेरा मारला, अर्जदार गांजा ओढतो. झालं! कलेक्टरसाहेबांपुढे सुनावणी लागली. मामांचं जेवण तुटलं. "आबांची बंदूक माझ्या हातून गेली तर भावकी तोंडात शेण घालील हो," एवढंच घोकत होते. मी त्यांना पढवलं, तंबाखू ओढतो म्हणा.

"गांजा ओढता?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. रोज."

मी कपाळावर हात मारला. सरकारी वकील तंबाखूची गोळी गालात सारून गरजले, "नशेबाजाच्या हाती शस्त्र म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" मी उसळून म्हणालो, कायद्याची हरकत वेड्याला आहे, शांत माणसाला नाही. दारू रिचवणाऱ्या शिकाऱ्यांचे परवाने बिनबोभाट चालतात, मग चिलीमवाल्यानंच काय घोडं मारलंय? "आणि साहेब, झुरका मारल्यावर माझ्या अशिलांचं बोट चापापर्यंत पोचेस्तोवर डुक्कर गावाला जाऊन येईल!" साहेब खुदकन हसले. मला वाटलं, जिंकलो. त्या भरात मी मामींना साक्षीला उभं केलं. ह्यांचा घरात कुणाला त्रास नाही, एवढंच वदवून घ्यायचं होतं.

मामींनी पदर खोचला. "साहेब, खरं सांगू? चिलीम राहू द्या, बंदूक न्या. चिलीम ओढली की हे जागचे हलत नाहीत. माझी नातवंडं आता भिंत धरून उभी राहायला लागलीत. उद्या त्यांचे हात त्या खुंट्यांपर्यंत पोचतील."

परवाना रद्द झाला, बंदूक जमा करायचा हुकूम निघाला. गांजाचं साहेबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाहेर मामा कट्ट्यावर मटकन बसले. मी धीर द्यायला वाकलो, तर हा माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतोय! "सुटलो हो जावईबापू! मर्द व्हावा म्हणून आबांनी लहानपणी ती माझ्या कानाशी उडवली होती. तेव्हापासून ती दिसली तरी कानात तोच बार होतो. ती घरात असताना चिलमीशिवाय डोळा कसा लागावा? मी टाकली असती तर लोक थुंकले असते. सरकारनं नेली, आता कोण काय बोलणार?"

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?" मामी.

"तू तरी कुठं बोललीस?"

गांजा ओढणाऱ्यानं बंदूक बाळगावी का, यावर आम्ही दोघे वकील तावातावानं भांडलो होतो. बंदूक बाळगतो म्हणून याला गांजा लागतो, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मामा आत झोपायला लागले. चिलीम हळूहळू शिवरात्रीपुरती उरली. खुंट्यांवर त्यांची छत्री आली, आणि दसऱ्याला मामा तिलाच जवळ जाऊन, हात लावून फूल वाहायचे. ते जाऊन आता बराच काळ झाला. परवा दसऱ्याचं सोनं द्यायला गेलो तेव्हा छत्री तिथंच होती. मामींनी तिच्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाल्या, "शेवटी शेवटी किती गाढ झोपायचे हो."