गणिताच्या तासाला पहिल्या बाकावर

सांगलीच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायला लागले, त्या वर्षी माझा तास सुरू झाला की प्राचार्य वर्गाबाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. एकोणीसशे साठनंतरची ती पहिली काही वर्षं. मी साताऱ्याची, नुकतीच एम. ए. झालेली, सांगलीत मामाकडे राहणारी. आमच्या कॉलेजात शिकवणारी मी एकटीच बाई होते. पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभरावर मुलं आणि पुढच्या दोन बाकांवर मुली. मी प्लॅटफॉर्मवर चढले की मागचे बाक पाय घासायला लागत. मग शिट्टी, मग कुत्र्याचं भुंकणं. महिनाभर प्राचार्य मधूनमधून येऊन मुलांना दटावून गेले. एके दिवशी ते खुर्चीच घेऊन आले.

"तुम्ही शिकवा, मी इथं बसतो," ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगलाच होता.

त्या दिवशी वर्ग अगदी गप्प होता. मी नेहमीसारखं इंग्रजीतून सांगत होते, मुलं लिहून घेत होती, आणि मला कळत होतं की ही शांतता माझी नाही. तास संपल्यावर मी खाली मान घालून त्यांच्या खुर्चीपासून पुढे जायची. नमस्कार करावा की आभार मानावेत, हेही सुचायचं नाही.

माझ्या वर्गाला लागून गणिताचा वर्ग होता. मधे लाकडी पार्टिशन. तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. तिथेही गडबड असायची, पण वेगळी. कोणीतरी मोठ्यानं वाद घालायचं, सगळे हसायचे, आणि मग एकाएकी शांत व्हायचे. शिकवणारे गृहस्थ वडूजकडचे, चाळिशीचे. एवढं शिकूनही त्यांनी आपली खटावची बोली सोडली नव्हती. स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची थोडी चेष्टा व्हायची, ती ते ऐकून घ्यायचे.

एका दुपारी स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नाही असं बघून मी त्यांना विचारलं, "मी तुमच्या तासाला येऊन बसले तर चालेल का?"

"कशाला?"

"कसं शिकवतात ते बघायला." एवढं बोलतानाही माझे कान गरम झाले होते.

त्यांनी मान हलवली. "या की. पण मागं बसू नका. मागं बसनारा मानूस तपासायला आल्यासारखा वाटतो. पोरींच्यात पुढं बसा, वही घेऊन. गणित येतं तुमाला?"

"मॅट्रिकला कसंबसं सुटले होते."

"मग तर बरंच हाय. तुमाला कळलं तर समद्यांना कळलं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पहिल्या वर्षाच्या तासाला गेले; मुलं माझ्याच वर्गातली होती. पहिल्या बाकावरच्या मुली दचकून सरकल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई नापास झाल्या वाटतं." हशा झाला. सरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि तो मराठीतून सांगितला: पाच जण एका बाकावर बसायचेत, त्यातल्या दोघांचं भांडण आहे, ते शेजारी शेजारी बसणार नाहीत. तर किती तऱ्हांनी बसवता येतील?

मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. काहीच बोलेनात. मला ती शांतता सहन होईना, मी असते तर एव्हाना उत्तर सांगून मोकळी झाले असते. मुलं मात्र वह्यांत डोकी घालून खरडत होती, शेजाऱ्याला दाखवत होती, खोडत होती. मीही मांडलं. पाच जणांच्या एकशेवीस तऱ्हा. दोघं भांडकुदळ एकत्र बांधले तर चारच गठ्ठे, त्यांच्या चोवीस. वजा केले. शहाण्णव. मला मनातून जरा अभिमानच वाटला.

"बाई, या फळ्यापाशी," सर म्हणाले.

मला वाटलं, ते बाकावरच्या दुसऱ्या कुणाला म्हणतायत. पण ते माझ्याकडेच बघत होते. मी उठले. शंभर मुलांकडे पाठ करून खडू धरला आणि आकडे तिरके होत खाली उतरत गेले. शहाण्णव लिहून मी थांबले.

सर बरोबरही म्हणाले नाहीत, चूकही म्हणाले नाहीत. "चोवीस कुठनं आले?"

मी सांगितलं.

"कुनाकुनाचं शहाण्णव आलंय?"

बरेच हात वर झाले. सरांनी मधल्या बाकावरच्या दोन मुलांना उभं केलं. "तू हिकडं बस, तो तिकडं. आता जागा बदला. ही एकच तऱ्हा का दोन?"

"दोन, सर," सगळा वर्ग म्हणाला.

माझ्या लक्षात आलं. एकत्र बांधलेले दोघं आपसात उलटेही बसू शकतात, तेव्हा चोवीसच्या दुप्पट वजा करायला हवेत. बहात्तर. मी खोडून पुन्हा लिहिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यात चेष्टा किती आणि आनंद किती, कोण जाणे. जागेवर येऊन बसले तेव्हा शेजारच्या मुलीनं माझी वही हळूच स्वतःकडे ओढली आणि तिची चूक माझ्यासारखीच होती ते दाखवलं. ती माझ्यावर दया करत होती. मला रडू आवरेना म्हणून मी पदरानं चष्मा पुसत राहिले.

दुपारी माझ्या वर्गात गेले तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: शहाण्णव. नंतर कळलं की "बाई शहाण्णव कुळी आहेत" असा विनोद व्हरांड्यात दिवसभर फिरत होता. मी फळा पुसला, काय शिकवलं ते आठवत नाही, आणि तास संपताच त्या सरांना गाठलं.

"तुम्ही मला का उठवलंत?"

ते म्हणाले, "चुकलंच माजं. बाकीच्यांना रोज उठवतो, तसं उठवलं. तुमाला दुपारी त्याच पोरांफुडं उभं ऱ्हायचंय, हे ध्यानातच आलं न्हाई."

त्यांनी माफी मागितल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. नोकरी सोडून साताऱ्याला जावं असं त्या रात्री ठरवलं होतं. पण वडिलांना कारण काय सांगायचं, या लाजेनं मी राहिले. शौर्य वगैरे त्यात काही नव्हतं.

पुढच्या तासाला मी टिपणं काढलीच नाहीत. प्राचार्य बाहेर बसलेले होतेच. मी फळ्यावर मराठीत लिहिलं: आटपाडीची सगळी मुलं यष्टीनं येतात. हा मुलगा यष्टीनं येतो. म्हणून हा मुलगा आटपाडीचा आहे. "बरोबर की चूक?" असं विचारलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

कोणी बोलेना. प्राचार्य बाहेर असूनही एक शिट्टी आली. मी खिडकीची कड घट्ट धरून ठेवली. बोलावंसं फार वाटत होतं. शेवटी मागच्या बाकावरून एक दांडगा मुलगा उठला.

"बाई, मी तासगावचा. मी बी यष्टीनंच येतो."

सगळे हसले. मी विचारलं, "मग यात चुकलं कुठं?"

त्याचा चेहरा एकदम पडला. "मला चांगलं बोलता येत न्हाई, बाई." मान खाली, हात बाकाच्या कडेवर. आदल्या दिवशी फळ्यापाशी मी कशी दिसत असेन, ते मला त्याच्यात दिसलं.

"जसं येतं तसं सांग."

"आटपाडीची समदी यष्टीत बसत्यात. पर यष्टीत बसत्यात ती समदी आटपाडीची, असं कुटं म्हटलंय?"

पुस्तकात या चुकीसाठी एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. आधीच्या आठवड्यात मी ते दोनदा लिहून दिलं होतं. कोणालाही कळलं नव्हतं, हे मला त्या क्षणी समजलं.

वर्ग सुधारला असं मी म्हणणार नाही. शिट्ट्या चालू राहिल्या, आणि आता मुलं बोलायलाही लागल्यामुळे गोंगाट वाढलाच. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या तासाला मुलंच फार बोलतात, तुम्ही केव्हा शिकवता?" सहामाहीनंतर मात्र त्यांनी बाहेर बसणं थांबवलं.

दोन वर्षांनी गणिताचे सर त्यांच्या गावाकडच्या नव्या कॉलेजात जायला निघाले. जाण्यापूर्वी एकदा माझ्या तासाला यावं, अशी मी त्यांना विनंती केली. ते आले, वही घेऊन पहिल्या बाकावर बसले. तास चांगला झाला. मी बऱ्याच जणांना उभं केलं. ज्यांना येत नव्हतं त्यांनाही केलं, त्यांच्या चुकांवरूनच पुढे गेले. सरांना मात्र काही विचारलं नाही.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यातून चालत होतो. ते म्हणाले, "मला का न्हाई उठवलंत?"

"तुमचा विषय नाही, म्हणून."

"पोरांचा तरी कुठं हाय?"

मी खरं ते सांगितलं. "चुकलं असतं तर मुलांपुढे तुमचं हसं झालं असतं."

"म्हंजे पोरांचं झालं तर चालतं व्हय?"

ते रागानं बोलले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दोन वर्षं मी मुलांना सांगत आले होते की चुकण्यात लाजण्यासारखं काही नाही. मला स्वतःला ते पटलेलंच नव्हतं, आणि त्यांनी ते एका तासात ओळखलं. जिन्यापाशी त्यांनी वही काखेत मारली, "बराय, येतो," म्हणाले आणि खाली उतरले. मी पुढच्या तासाला गेले, आणि बराच वेळ मला कुणालाही उभं करवेना.