चित्रासाठी उतरवलेल्या बांगड्या

दौंडच्या शाळेतले चित्रकलेचे सर सारखे सांगायचे, "रंग घाबरत लावू नका. पाणी कमी घ्या." माझी स्थिरचित्रं मात्र कायम पाणचट. टोमॅटो रंगवला तरी आजारी दिसायचा. नववीत इंटरमिजिएटची परीक्षा होती आणि मी हट्टाला पेटले होते. एक तरी चित्र असं काढायचं, की सर ते वर्गात उंच धरतील.

घरी निळ्या चादरीवर पितळी तांब्या, दोन लिंबं आणि टोमॅटो मांडले. हिरवं काहीतरी हवं होतं. घरात सगळ्यात हिरव्या होत्या आईच्या हातातल्या बांगड्या. त्याच मागितल्या. सवाष्ण बाई हात मोकळे ठेवत नाही, हे मला ठाऊक होतं. आईला तर होतंच. तरी तिनं साबण लावून एकेक बांगडी उतरवली. "तासाभराचाच तर सवाल हाय," म्हणाली.

तास कुठला! बाटलीतला हिरवा जसाच्या तसा थापला, शेजारी भडक लाल, तांब्याच्या पोटावरही थोडा हिरवा उतरवला. दुपार सरली. तेवढ्यात मांडवगण फराट्याची आत्या आली. "वयनी, हात मोकळं ठिवून बसलाय व्हय? दादा कामावर गेलाय आन् तुम्ही..." आईनं चादरीवरच्या बांगड्या उचलून घाईघाईनं चढवल्या.

सरांनी ते चित्र खरंच उंच धरलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी संपवून येताना वडिलांच्या सायकलला ट्रकनं उडवलं. ते गेले. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, तेव्हा आत्या माझ्याकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं. दहाव्याच्या आत मी ते चित्र चुलीत घातलं. परीक्षेत हिरव्या रंगाची बाटली उघडलीच नाही, कशीबशी पास झाले.

पुढं लग्न होऊन मी शिरूरला आले. एकदा माहेरी मेथी निवडताना आईनं विचारलं, "ते तुझं तांब्याचं चित्र कुठं ठिवलंस गं?"

जाळलं म्हणून सांगितलं. का जाळलं, तेही एका दमात सांगून टाकलं. इतकी वर्षं ते मनात धरून मी थकले होते.

"येडी का काय तू?" आई चिडलीच. "ट्रकवाल्याला काय माझं हात दिसत हुतं?"

मग मान खाली घालून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

"मी आपली म्हणत हुते, त्यात तरी माझ्या बांगड्या असतील."