फिफ्टीकाकांची सीट

मोटरवेवर ताशी पन्नास मैलांच्या वर कधीही न जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सत्तरची मुभा असताना काका डाव्या लेनमध्ये पन्नासावर गाडी ठेवत आणि मागून एखाद्या लॉरीवाल्याने हॉर्न मारला की आरशात बघून त्याला नमस्कार करत. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डकडच्या मराठी घरांतल्या पोरांनी त्यांचं नाव फिफ्टीकाका ठेवलं. ते त्यांना इतकं आवडलं की फोन उचलल्यावर तेच म्हणायचे, "हं, फिफ्टी बोलतोय." पेशाने ते भूल देणारे डॉक्टर. "गॅस काय नि पेट्रोल काय, लागतं तेवढंच सोडायचं. जास्त सोडतो तो अडाणी," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

आमची ओळख गणपतीतली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या नवऱ्याला बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरमधली नोकरी लागली होती आणि मला लीड्सच्या हॉस्पिटलमधली फार्मसिस्टची नोकरी सोडवत नव्हती. त्यामुळे तो शनिवार-रविवारपुरता घरी, असा आमचा संसार. शाळेच्या हॉलमध्ये आरती चाललेली आणि हा माणूस बाहेर कार पार्कमध्ये, रिमझिम पावसात वाकून, एकेकाच्या टायरमधली हवा तपासतोय. माझ्या गाडीपाशी येऊन म्हणाले, "सगळे टायर बसलेत तुझे. रोज कुठे जातेस?"

"लीड्सला."

"एकटीच? मीही एकटाच जातो. म्हणजे आपण दोघं मिळून सहा रिकाम्या सीटांना रोज लीड्स दाखवून आणतो. उद्यापासून माझ्या गाडीत ये."

काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

त्यांचं हॉस्पिटल वेगळं, पण लीड्समध्येच. दुसऱ्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. काका पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालून गाडी चालवत, कारण जाड बुटातून पेडल कळत नाही. उगाच वजन नको म्हणून गाडीच्या डिकीत पानासुद्धा नसे. लाल दिवा फर्लांगभर लांब दिसला की पाय वर. "ब्रेक दाबला म्हणजे मघाशी जाळलेलं पेट्रोल फुकट गेलं," असं ते हळहळून म्हणत. मी मुळात उतावळी. सुरुवातीला मनातल्या मनात त्यांच्यावर जाम चिडायचे. शेजारून म्हाताऱ्या बायका आम्हाला मागे टाकून जायच्या आणि काका शांतपणे म्हणायचे, "जाऊ दे त्यांना. पुढच्या सिग्नलला भेटतीलच." त्या भेटायच्याही, आणि काका त्यांना हात करायचे.

ट्रॅफिक तुंबलं की ते सरळ इंजिन बंद करत. त्याबरोबर हीटरही बंद. मग मागच्या सीटवरची काकूंची तपकिरी शाल ते माझ्या गुडघ्यांवर टाकत आणि त्या शांततेत बोलायला लागत. एरवी फार न बोलणारा माणूस, पण इंजिन बंद झालं की काकू यायच्या. काकू स्वतः गाडी कशी सुसाट चालवायच्या, त्यावरून दोघांचं कसं वाजायचं. "सत्तरच्या खाली तिचा पाय यायचा नाही गं. मी नुसता शेजारी बसून पेट्रोलचा काटा बघत राहायचो," असं म्हणून ते हसत. पुढची गाडी हलली की काकू अर्ध्यावर राहायच्या. अशी आठ-नऊ वर्षं गेली. माझे सासर-माहेरचे फोन महिन्यातून एकदा, नवरा आठवड्यातून दोन दिवस. रोज भेटणारं माझं माणूस म्हणजे काका. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ते रिटायर झाले आणि पाठोपाठ काचबिंदूने त्यांची नजर गेली. पुरती नाही, पण गाडी चालवण्यापुरती गेली. त्यांनी आपणहून लायसन्स परत केलं, गाडी विकली. मी पुन्हा एकटी जाऊ लागले. आणि नेमकं त्याच सुमारास लीड्सला जाणाऱ्या दुसऱ्या एका रस्त्यावर एक नवी लेन झाली. सकाळच्या गर्दीत गाडीत निदान दोन माणसं असतील तरच तिच्यातून जायचं. एकट्याने शेजारच्या रांगेत कुढत बसायचं.

काकांचा फोन आला. आवाजात मी कित्येक महिन्यांत न ऐकलेला हुरूप. "वैशाली, मी येतो. नुसता बसतो शेजारी. तुझी वीस मिनिटं वाचतील, थांबून थांबून जळणारं पेट्रोलही वाचेल. येताना मी बसने येईन, पेन्शनरांचा पास आहे ना माझा."

"अहो काका, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला? सीट रिकामी जाण्यापेक्षा बरं."

मग काका रोज पहाटे उठून, दाढी करून, टाय लावून तयार असत. मोटरवे सोडून त्या रस्त्याने, मोकळ्या लेनमधून आम्ही सुळकन जायचो आणि ते रांगेतल्या एकट्या माणसांकडे बघून हळहळायचे. पास साडेनऊनंतरच चालायचा, म्हणून तोवर ते आमच्या हॉस्पिटलच्या आउटपेशंटमध्ये बसत. निदान मी तसं समजत होते.

एक दिवस साडेअकराला काही कामासाठी मी खाली आले, तर काका तिथेच. एका आजीबाईंना हाताला धरून एक्स-रेकडे पोचवत होते. मला पाहून त्यांनी हात केला. माझं काम उरकल्यावर रिसेप्शनवरची मॉरीन म्हणाली, "रोज दुपारपर्यंत असतात की. लोकांना चहा आणून देतात. युअर डॅड, इझ ही, लव्ह?"

मी गडबडले. आपण एका बाहेरच्या माणसाला रोज इथे आणून बसवतो, साहेबांच्या कानावर गेलं तर काय, एवढंच डोक्यात आलं. मी हसून म्हटलं, "नो, नो. ही इज जस्ट फॉर द लेन."

नुसते लेनपुरते. वळून पाहिलं तर काका मागे उभे होते, हातात चहाचे दोन कप. एक मॉरीनचा, एक माझा. त्यांनी तो मला दिला, "साखर कमी घातलीय" म्हणाले आणि कोट घेऊन बसस्टॉपकडे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सर्दी होती. तिसऱ्या दिवशीही. शनिवारी मी लाडू घेऊन घरी गेले. सॉरी म्हणायचं घोकून गेले होते. काकांनीच मला बोलू दिलं नाही. "अगं, खरंच आहे ते. लेनसाठीच येत होतो ना मी?" असं म्हणून त्यांनी चहा टाकला. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. उन्हाळ्यात त्यांची मुलगी मेघा त्यांना कार्डिफला घेऊन गेली. निघायच्या दिवशी त्यांनी चाचपत चाचपत माझे चारही टायर तपासले आणि ती शाल माझ्या गाडीत ठेवली.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "लेन मिळते का गं?"

नाही म्हटलं तर म्हातारा उगाच जिवाला लावून घेईल, असं मला वाटलं. मी म्हटलं, "मिळते ना काका. आमची एक नर्स येते रोज बरोबर."

काका म्हणाले, "बरं झालं. सीट रिकामी जायला नको." आणि टायरची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

ते त्याच हिवाळ्यात गेले. मेघाचं मराठी इथेच वाढलेल्या मुलीचं. ती फोनवर रडत म्हणाली, "वैशालीताई, बाबा एव्हरी डे म्हणायचे, मला परत जायचंय, वैशालीला माझा गरज आहे. आय वॉज रेडी, ताई, मी त्यांना परत आणून सोडणार होते. मग एक दिवस सडनली म्हणाले, नको, तिचा सीट आता भरलाय. मला वाटलं, ही'ज सेटल्ड."

मी अजून त्याच रस्त्याने लीड्सला जाते. मोटरवेने कदाचित लवकर पोचेन, पण जात नाही. शेजारची लेन मोकळी असते, मी रांगेत असते. पुढच्या गाड्या थांबल्या की इंजिन बंद करते आणि शाल गुडघ्यांवर घेते. गाडी अगदी शांत होते. मग मी मोठ्याने म्हणते, "काका, नर्स कुणीच नव्हती हो."