पगारातून नको, वाढीतून

अक्षर वाईट आहे, माफ करावं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. पण चाचांबद्दल लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. बोलायची मला लाज वाटते. लिहिताना कोणी बघत नाही.

चाचा म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. तळेगावात स्टेशनच्या अलीकडे त्यांची शेड. चऱ्होलीकडच्या नव्या बिल्डिंगींची ग्रिलं, गेटं, लोखंडी जिने तिथं व्हायचे. आणि एवढं सगळं जोडणाऱ्या या माणसाला मोडायची भारी हौस. शिकणाऱ्यानं दिवसभरात जे जोड मारले ते संध्याकाळी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचे आणि ज्यानं मारले त्यानंच हातोड्यानं मोडायचे. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. "आपलं आपण मोड. कुठं कच्चं व्हतं ते हाताला कळतं," म्हणायचे. जोड तुटला की तुकडा उजेडात धरून आतली भोकं दाखवायचे. ओरडायचे नाहीत. "उद्या," एवढंच.

मी तिथं झाडायला आणि चहा करायला लागले होते. आम्ही जालन्याकडचे. आमच्या पिंकीचे पप्पा कंपनीत कंत्राटावर, आणि कंत्राटवाल्यांना मधूनमधून ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस बिनपगारी घरी बसवतात, तसा त्यांना दिलेला. घरभाडं थकलं होतं. एकदा झाडता झाडता मी वेल्डिंगची ठिणगी बघत उभी राहिले. चाचांनी हातातली वेल्डिंगची काळी काच माझ्यासमोर धरली. "उघड्या डोळ्यांनी बघशील तर रात्रभर रडशील. बघायचंच हाय तर यातनं बघ." काचेतून मला वितळलेलं लोखंड पहिल्यांदा नीट दिसलं. पाकासारखं पुढं सरकत होतं.

"शिकतीस का?" चाचांनी विचारलं. मी मान खाली घातली.

"न्हाई म्हणली न्हाई. म्हंजी शिकती," चाचा म्हणाले.

दुसरीकडे शिकणाऱ्याला महिनोन्‌महिने चहा-वडापाववर राबवतात. चाचांनी माझा झाडण्याचा पगार तसाच चालू ठेवला आणि झाडू भिंतीला टेकवून सगळ्यांना सांगितलं, "आजपास्नं ज्याचा कचरा त्यानं झाडायचा." संजू नावाचा जुना कारागीर होता, तो लगेच म्हणाला, "वा चाचा! बाई वेल्डर आणि आम्ही झाडूवाले!" चाचा म्हणाले, "तुझ्या जोडापरीस तुझं झाडणं चांगलं निघंल, बघ." सगळे हसले. संजूही हसला आणि त्यानं झाडू घेतला.

घरी मात्र पिंकीच्या पप्पांना पटेना. बाईमाणसानं आगीचं काम करायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. चाचा स्वतः आमच्या खोलीवर आले, चहा प्याले आणि म्हणाले, "पावणं, मी समजवायला आलो न्हाई. उद्या येऊन बसा, बघा, मग बोला." पप्पा गेले. दिवसभर पत्र्याच्या डब्यावर बसून राहिले. संध्याकाळी मी माझा जोड हातोड्यानं मोडला तेव्हा जवळ येऊन त्यांनीही तुकडा उजेडात धरून बघितला. सकाळी मी निघाले तर त्यांनी आपला कंपनीचा जाड शर्ट पुढं केला. "हा घाल वरून. पोलिस्टर पेट घेतं."

चुका मी पुष्कळ केल्या. सगळ्यात मोठी म्हणजे एका खिडकीचं ग्रिल जोडता जोडता टेबलालाच जोडून टाकलं. खाली लोखंडी टेबल आहे हे मी विसरले. उचलायला गेले तर टेबलही हललं. न्यायला आलेलं गिऱ्हाईक समोरच उभं. मला वाटलं, आज संपलं. चाचा गिऱ्हाइकाला म्हणाले, "साहेब, टेबलासकट न्या, वेगळे पैसे घेनार न्हाई." मग ग्राइंडर माझ्याच हातात दिला. मीच कापलं, मीच घासलं. साहेबांना चाचांनी तोवर चहा पाजला.

पुढे ते म्हणाले की हाताला वळण आलंय, पण कागद पाहिजे. कागदाशिवाय मोठी कंपनी दारात उभं करत नाही. भोसरीला एक क्लास होता, त्यानंतर परीक्षा. तिथं दोन प्लेटी जोडायच्या, मग ते मशीनवर वाकवून बघतात, चीर पडली की नापास. फी ऐकून मी नको म्हणाले. चाचा म्हणाले, "उचल म्हणून लिहितो. पण पगारातनं एक रुपया कापनार न्हाई. पगार वाढंल तवा त्या वाढीतनं दे. न्हाई वाढला तर माझं शिकवणं वाया, पैसं बी वाया." क्लासच्या दिवसांचाही पगार त्यांनी दिला.

पहिल्या परीक्षेत माझी प्लेट तडकली. चाचांचे पैसे तडकले असंच मला वाटलं. परत येऊन मी कोपऱ्यात उभी राहिले.

"मोडली?"

मी मान हलवली.

"मग? हितं रोज मोडतीस तवा रडतीस का?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा फी भरली. दुसऱ्या वेळी प्लेट वाकली, तडकली नाही. मी ती घरी आणली आहे. पिंकी तिच्यावर अक्रोड फोडते.

कागद मिळाला आणि चाकणच्या एका कंपनीत जागा निघाली. पगार खूपच जास्त. मला जावंसं वाटत होतं आणि तोंड उघडत नव्हतं, कारण उचल अंगावर असताना मालक माणसाला सोडत नाहीत हे मी आमच्या गावात बघितलं होतं. चाचांना ते संजूकडून कळलं. ते माझ्यावर चिडले, पहिल्यांदाच. "जागा भरली म्हंजी मग सांगनार व्हतीस? जा की! उचल हाय म्हणून तुला बांधून घातलंय का मी?"

संजू म्हणाला, "चाचा, शिकवून शिकवून लोकांना वाटता. धंदा करताय का शाळा काढलीय?"

"तू का गेला न्हाईस मग?"

"मला कोण घेतंय!"

"म्हणून तर दुकान चालू हाय," चाचा म्हणाले.

चाकणला आता मी रोज बसनं जाते. लायनीत आम्ही बायका मोजक्याच. दर महिन्याला पगाराची वाढ तेवढी वेगळी काढून रविवारी तळेगावला जायची. चाचा घ्यायचे, वहीत मांडायचे. शेवटच्या हप्त्याच्या रविवारी मात्र मला भीती होती, की ते म्हणतील, राहू दे, पोरीला काहीतरी घे. तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. मला ते पैसे पूर्ण द्यायचे होते.

चाचांनी चष्मा लावला. नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या, आणि त्यातली एक काढून माझ्यापुढं ठेवली.

"ही फाटकी हाय. बदलून आण."

मी हसत हसत नाक्यावरच्या दुकानात गेले, नोट बदलून आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, बाकीच्यांत घातली आणि खिशात टाकली.

"फिटलं," चाचा म्हणाले.