फिनेलचा वास

गल्लीत तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. कपाळावर रोखून ताप मोजायचं यंत्र कायम हातात, म्हणून ती बंदूकवाली. साथ आली आणि घरोघरी फिरून आजारी माणसं हुडकायला कोणी तयार होईना, तेव्हा ही कंबर कसून पुढे झाली. शूर वगैरे अजिबात नव्हती हो. रोज सकाळी निघताना उंबऱ्यावर दोनदा थबकायची. आणि भीती स्वतःसाठी नव्हतीच, सासूसाठी होती. नवरा दूरगावी अडकलेला, घरात दोघीच, आणि म्हातारीला जुनाट दमा. "यांना लागण झाली तर निभावणं कठीण आहे," असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून घरात शिरण्याआधी ती दाराबाहेर चपला फिनेलनं धुवायची. लगेच आतून सासूचा पट्टा सुरू. "ओतलंस का परत? डोकं उठलं माझं त्या वासानं. रोग राहिला बाजूला, तुझं फिनेलच मला घेऊन जाणार." ही हसायची आणि मुद्दाम आणखी थोडं ओतायची. दोघींचं प्रेम हे असं तिरकसच.

त्या दिवशी ती एका शिंपिणीच्या दारात उभी राहून नेहमीचं विचारत होती. ताप? खोकला? तोंडाला चव आहे? वास येतो?

शिंपीण नाकाला फडकं लावून तिच्याकडे बघतच राहिली. "बाई, आमचं दूध करपून कोळसा झालंय. अख्खा जिना नाक धरून बसलाय, आणि तुम्ही मलाच विचारताय वास येतो का?"

बंदूकवालीनं श्वास ओढला. काहीच नाही. मास्कमुळे असेल, म्हणत ती खाली आली, कोपऱ्यात मास्क उतरवला, हुंगलं. सॅनिटायझर तळहातावर घेऊन नाकाशी नेलं, तर नुसतं पाणी. सकाळीच तिनं सासूची वेणी घातली होती, तीही मास्क न लावता. "घरात तरी तुझं तोंड बघू दे गं," असं म्हातारी रोज म्हणायची, आणि हिला नाही म्हणवत नव्हतं.

तिनं आरोग्य केंद्रावर फोन केला. "गाडी घरी पाठवतो, तुम्ही आत पाऊल टाकू नका," असं उत्तर मिळालं. रस्ताभर ती एकच गोष्ट घोकत राहिली. म्हातारी कुरकुरली की सुटलो. फक्त कुरकुरू दे.

दाराशी तिनं चपला धुतल्या. आतून आवाज नाही. भांड्यांची खुडबुड मात्र चालू होती, म्हणजे जागी होती. मग तिनं अख्खी बाटलीच पायरीवर उपडी केली. ओघळ उंबऱ्याखालून आत गेला.

"आई," तिनं बाहेरूनच हाक मारली.

"आलीस का? ये," सासू आतून मायेनं म्हणाली. "आज फिनेल संपलं वाटतं गं?"